लॉरी बेकर यांची लाल इमारत : थंपानूरच्या इंडियन कॉफी हाउसचे परीक्षण

तिरुवनंतपुरमच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोर, थंपानूरच्या बसस्थानकाला लागून, विटांचा एक लाल गोल मनोरा उभा आहे. त्याच्या वर्तुळाकार भिंतीत लहान लहान झरोक्यांच्या रांगा तिरक्या चढत वरपर्यंत गेल्या आहेत आणि लांबून पाहिले तर मक्याचे सोललेले कणीस उभे करून ठेवावे तशी ही इमारत दिसते. हे इंडियन कॉफी हाउस. केरळच्या सहलीला जाणारे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक पद्मनाभस्वामी मंदिर आणि कोवलमचा किनारा यांच्या मधल्या धावपळीत तिच्यासमोरून जातात, काहीजण आत जाऊन कॉफीही घेतात. परंतु ही इमारत कोणी बांधली आणि ती अशीच का बांधली हे ठाऊक नसल्यामुळे पाहण्यासारखे पुष्कळसे नजरेतून सुटते. म्हणून या परीक्षणात येथील कॉफी आणि कटलेट यांच्याबरोबरच वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या कारकिर्दीविषयीही लिहिणार आहे. सार्वजनिक इमारत स्वस्तात बांधूनही तेथे येणाऱ्या प्रत्येक माणसाचा मान राखता येतो, हे बेकर यांनी आयुष्यभर केलेल्या कामाचे सार मला याच इमारतीत सर्वांत स्पष्टपणे दिसले.

प्रथम इमारतीविषयी. भूखंड अगदी लहान आहे. बसस्थानकाच्या गर्दीत जी जागा उरली तेवढीच हाताशी होती आणि तीवर भरपूर माणसे बसतील असे उपाहारगृह उभे करायचे होते. नेहमीच्या पद्धतीने चौकोनी मजले एकावर एक चढवले असते तर जिना, जिन्यासमोरची मोकळी जागा आणि टेबलांमधल्या वाटा यांतच निम्मे क्षेत्रफळ गेले असते. बेकर यांनी मजलेच काढून टाकले. त्यांनी एकच लांब उतरंड, म्हणजे पायऱ्यांऐवजी तिरपा चढत जाणारा रस्ता (रॅम्प), घेतली, ती मधल्या गोल गाभ्याभोवती गुंडाळत वर नेली आणि तिच्या बाहेरच्या कडेला टेबले मांडली. त्यामुळे जी जागा चालण्याची, तीच वाढप्यांची, आणि तिलाच लागून बसण्याची सोय. आत शिरल्यावर पहिला मजला कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे सांगता येत नाही, कारण तसा भेदच येथे नाही. मधल्या पोकळ गाभ्यात हात धुण्याची व इतर सोयी बसवलेल्या आहेत. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात फ्रँक लॉईड राइट यांनी १९५९ साली अशीच वळत जाणारी उतरंड वापरली होती आणि अनेक अभ्यासकांना येथे तिची आठवण होते. परंतु तेथे लोक भिंतीवरची चित्रे पाहत चालतात, तर येथे पहाटेच्या गाडीने उतरलेला प्रवासी पिशवी पायाशी ठेवून डोसा खातो. दुसरा उपयोग पहिल्यापेक्षा कमी प्रतिष्ठेचा आहे असे मला वाटत नाही.

बसण्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. टेबले आणि बाके सुटी नाहीत. ती इमारतीबरोबरच पक्की बांधलेली आहेत. बाहेरच्या भिंतीला लागून टेबलाची फळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बाके, असे एकेक खण वर चढत जातात. चालण्याची वाट तिरपी असली तरी टेबलाची पातळी सपाट ठेवलेली आहे, त्यामुळे पेल्यातले पाणी कलत नाही. मात्र प्रत्येक टेबल आधीच्या टेबलापेक्षा किंचित वर असते. याचा एक सुंदर परिणाम होतो. सभागृहासारख्या मोठ्या खोलीत पन्नास माणसे एकदम नजरेस पडतात तसे येथे होत नाही. आपल्याला पुढची आणि मागची दोन-तीन टेबलेच दिसतात, बाकीचे सगळे वळणाआड राहतात; आवाज मात्र कानावर येत राहतो, म्हणून एकटा बसलेला माणूस एकाकी पडत नाही. पक्क्या बाकांचा व्यावहारिक फायदाही उघड आहे. खुर्च्या मोडत नाहीत, ओढल्या जात नाहीत, चोरीला जात नाहीत आणि जागेचा एकही कोपरा वाया जात नाही.

भिंतीतल्या झरोक्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बेकर यांचे अर्धेअधिक शास्त्र त्यांच्यात आहे. वीटकाम करताना ठराविक अंतरावर विटा वगळून ही जाळी तयार होते. खिडकी म्हटली की लाकडाची चौकट, तावदाने, बिजागऱ्या, कड्या, गज आणि रंग असा खर्च एकामागून एक येतो. जाळीला यांतले काहीच लागत नाही, उलट तेवढ्या विटा वाचतात. उजेड आत येतो तो लहान लहान तुकड्यांत येतो, त्यामुळे डोळ्यांवर येत नाही. हवा खेळती राहते आणि इमारत उघडी असूनही सुरक्षित राहते. केरळच्या जुन्या घरांत लाकडी जाळ्या असत, आपल्याकडच्या वाड्यांतही जाळीदार झरोके होते. बेकर यांनी तेच तत्त्व साध्या भाजक्या विटेत उतरवले. सकाळी नऊच्या सुमारास पूर्वेकडच्या टेबलावर बसावे. उन्हाचे चौकोनी कवडसे टेबलावर, ताटलीवर, समोरच्या माणसाच्या खांद्यावर पडतात आणि हळूहळू सरकत जातात. बाहेरून येणारे बसगाड्यांचे आवाज या भिंतीने थांबत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. ज्याला निवांतपणा हवा आहे त्याने शक्य तितक्या वरच्या वळणावर जाऊन बसावे.

खाण्यापिण्याविषयी फार लांबण लावण्याची गरज नाही. कॉफी दुधाची, गोडसर आणि मुबलक मिळते. केरळमधल्या कॉफी हाउसांची ओळख म्हणजे बीट. मसाला डोशातल्या भाजीत बीट असते, कटलेटमध्ये बीट असते, आणि पहिल्यांदा खाणाऱ्या मराठी माणसाला तो गडद लाल रंग पाहून क्षणभर संकोच वाटतो. पण बिटाचा गोडवा आणि मिरीचा तिखटपणा यांचा मेळ जमलेला असतो. कटलेट गरम असतानाच खावे. वाढप्यांचा पांढरा गणवेश, कमरेचा रुंद पट्टा आणि पंख्यासारखा तुरा असलेला फेटा ही सर्वच कॉफी हाउसांची जुनी परंपरा येथेही टिकून आहे. बिल हातात पडल्यावर आपल्याकडच्या कोणत्याही मध्यम उपाहारगृहाशी तुलना करावीशी वाटते आणि ती तुलना नेहमी येथल्याच बाजूने जाते.

या संस्थेचा मुंबईशी जुना संबंध आहे. कॉफीचा खप वाढावा म्हणून सुरू झालेल्या इंडिया कॉफी हाउसांपैकी पहिले १९३६ साली मुंबईत चर्चगेटला उघडले. पुढे १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने ही दुकाने बंद करण्याचा निर्णय घेतला तेव्हा कामगारांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या आणि कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने त्या कामगारांनीच सहकारी संस्था स्थापून कॉफी हाउसे स्वतः चालवायला घेतली. केरळमधले पहिले असे कॉफी हाउस १९५८ साली त्रिशूरला सुरू झाले. म्हणजे जो आपल्याला कॉफी आणून देतो तो या व्यवसायाचा भागधारक आहे. अशा संस्थेला इमारत बांधून देण्यासाठी बेकर यांच्याइतका योग्य माणूस दुसरा मिळाला नसता, असे मला मनापासून वाटते; आणि का वाटते हे सांगण्यासाठी त्यांच्या आयुष्याकडे वळावे लागेल.

लॉरेन्स विल्फ्रेड बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला आणि वास्तुकलेचे शिक्षणही तेथेच झाले. ते क्वेकर पंथाचे, म्हणजे युद्धात शस्त्र न धरणाऱ्यांपैकी होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी चीनमध्ये रुग्णसेवेच्या पथकात काम केले. मायदेशी परतताना जहाजाची वाट पाहत त्यांना काही काळ मुंबईत राहावे लागले आणि तेथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. टाकाऊ कापडाच्या तुकड्यांपासून तयार केलेले चिनी पद्धतीचे जोडे बेकर यांच्या पायांत होते, ते गांधीजींच्या नजरेस पडले आणि त्यांवरून बोलणे वाढत गेले. आदर्श घर हे त्याच्या पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामग्रीतून बांधले जावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी पुढे जन्मभर सांगितला. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला जाऊन माती, बांबू आणि कौले यांची बापूकुटी ज्याने पाहिली आहे त्याला हा विचार प्रत्यक्षात कसा दिसतो ते वेगळे सांगावे लागत नाही. बेकर यांनी तो विचार कुटीपुरता न ठेवता महाविद्यालये, ग्रंथालये, प्रार्थनागृहे आणि उपाहारगृहे यांच्यापर्यंत नेला, हे त्यांचे खरे कर्तृत्व.

१९४५ मध्ये ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनचे वास्तुविशारद म्हणून भारतात आले आणि फैजाबादला राहिले. कुष्ठरोगावर औषधोपचार उपलब्ध होऊ लागले होते. रोग्यांना कोंडून ठेवणाऱ्या जुन्या वसाहतींचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत रूपांतर करायचे होते आणि पैसा अतिशय थोडा होता. त्यांच्या काटकसरीचे मूळ या कामात आहे. १९४८ साली त्यांनी केरळच्या डॉक्टर एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह केला. हिमालयातील पिथौरागढला हे दांपत्य फिरायला म्हणून गेले आणि तेथे वैद्यकीय सोय नाही हे पाहून तिथेच राहिले. ते वास्तव्य सुमारे सोळा वर्षे टिकले. पत्नीने रुग्णालय चालवावे आणि पतीने ते बांधावे, अशी कामाची वाटणी होती. बर्मिंगहॅमला शिकलेले सिमेंट, पोलाद आणि काच यांचे शास्त्र डोंगरात निरुपयोगी ठरले. दगड, लाकूड आणि माती वापरून स्थानिक लोक जी घरे बांधत होते ती थंडी, पाऊस आणि उतार यांना नेमके उत्तर देत होती, आणि बेकर गवंड्यांच्या शेजारी बसून ते शिकले. याच काळात त्यांनी लखनौच्या साक्षरता निकेतनासारखे सार्वजनिक कामही केले. १९६० च्या दशकात ते केरळच्या डोंगराळ भागातील वागमणला आणि त्यानंतर तिरुवनंतपुरमला आले. म्हणजे ज्या कामासाठी आज जग त्यांना ओळखते ते त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर सुरू केले.

तिरुवनंतपुरममध्ये त्यांना जे पाठबळ मिळाले ते भारतातील वास्तुविशारदाच्या वाट्याला क्वचित येते. सी. अच्युत मेनन हे तेव्हा मुख्यमंत्री होते आणि अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज हे विकास अध्ययन केंद्र (सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज) या संस्थेची उभारणी करत होते. उळ्ळूर येथील या केंद्राचा परिसर बेकर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बांधला. जमीन चढउताराची होती आणि तीवर झाडे होती. सपाटीकरण करून एक मोठी इमारत ठोकून देण्याऐवजी त्यांनी लहान लहान इमारती उतारावर विखुरल्या, त्यांना जोडणाऱ्या वाटा जमिनीच्या कलाने नेल्या, आणि झाड मध्ये आले तर भिंत वळवली. मधोमध ग्रंथालयाचा उंच मनोरा आहे. मुलींच्या वसतिगृहाच्या भिंती नागमोडी आहेत, आणि ही नागमोड शोभेसाठी आहे असा समज पाहणाऱ्याचा होतो. वास्तविक वळण घेतलेली पातळ भिंत स्वतःच्या आकारानेच उभी राहते, तिला सरळ भिंतीसारखी जाडी लागत नाही. श्रीकार्यम येथील लोयोला प्रार्थनागृह याच सुमाराचे. तेथे खूप उंच भिंती हव्या होत्या, पण पैसा नव्हता. तेव्हा बेकर यांनी विटांच्या दोन पातळ भिंती समांतर उभारून त्या आडव्या विटांनी एकमेकींना बांधल्या आणि दोन्हींत जाळी ठेवली. आतला प्रकाश पाहिल्यावर ही योजना केवळ काटकसरीतून सुचली आहे यावर विश्वास बसत नाही.

बेकर यांच्या बांधकामाच्या युक्त्या अनेकांनी ऐकलेल्या असतात, पण त्या कशा काम करतात हे फारसे सांगितले जात नाही. पहिली म्हणजे रॅट-ट्रॅप पद्धतीचे वीटकाम. यात वीट नेहमीप्रमाणे आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवतात. नऊ इंची भिंतीच्या दोन्ही अंगांना अशा उभ्या विटा येतात आणि मधे पोकळी राहते. ठराविक अंतरावर एक वीट आरपार घालून दोन्ही अंगे जोडतात. भिंतीची जाडी तेवढीच राहते, पण विटा सुमारे 25 टक्क्यांनी कमी लागतात, माल कमी लागतो आणि पोकळीतली हवा उन्हाची धग आत येऊ देत नाही. दुसरी युक्ती स्लॅबची. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये वरचा थर दाब घेतो आणि खालच्या बाजूचा ताण लोखंडी सळया घेतात. खालच्या थरातले काँक्रीट केवळ सळयांना धरून ठेवते. मग सळयांच्या चौकटींमध्ये तेवढ्या भागात जुनी मंगलोरी कौले बसवली तर काँक्रीट वाचते आणि छत हलके होते. कोकणात जुनी घरे पाडताना ढिगांनी निघणारी कौले डोळ्यांसमोर आणली की या कल्पनेची किंमत कळते. तिसरी गोष्ट मला विशेष आवडते, ती त्यांची खिडकी : उभी एकच फळी, तिला वर एक आणि खाली एक खुंटी, आणि त्या खुंट्या फिरण्यासाठी भिंतीत वर-खाली दोन भोके. चौकट नाही, बिजागरी नाही. फळी फिरवली की खिडकी उघडली.

याशिवाय गिलावा शक्यतो न करणे, विटा उघड्या ठेवून त्यांच्यामधल्या नुसत्या दरजा (सांधे) भरणे, दारांवर सरसकट काँक्रीटचे लिंटेल (आडवी तुळई) न टाकता विटांची कमान घेणे, सिमेंटऐवजी जमेल तेथे चुना आणि सुरखी (विटांची पूड) वापरणे, मोडलेल्या घरांची दारे-खांब पुन्हा बसवणे, हे सर्व ते करत. मात्र या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची होती ती त्यांची कामावर रोज हजर राहण्याची पद्धत. टाकाऊ कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर रेखाटने करायची, जागेवर उभे राहून गवंड्याला दाखवायची आणि भिंत वर चढत असताना काही चुकते आहे असे वाटले तर तेथेच बदलायची. गवंडी हा त्यांच्या दृष्टीने सहकारी होता. थंपानूरच्या मनोऱ्यात वळणावरच्या विटांचे सांधे बोट फिरवून पाहावेत. भिंत गोल, वाट चढती आणि वीट सरळ, या तिन्हींचा मेळ घालताना प्रत्येक थर गवंड्याने विचार करून रचलेला आहे हे स्पर्शालाही कळते. वर गिलावा नसल्यामुळे येथे चूक झाकायला वाव नव्हता.

बेकर यांच्या कामाला 'गरिबांची घरे' असे लेबल लावून बाजूला ठेवण्याची प्रवृत्ती आपल्याकडे आहे आणि मला ती चुकीची वाटते. त्यांनी पूंतुराच्या मच्छीमारांसाठी घरे बांधली हे खरे. पण संशोधन संस्था, चर्च, श्रीमंतांचे बंगले यांनाही त्यांनी तीच वीट आणि तीच शिस्त लावली. अनावश्यक ते गाळणे हे सर्वांनाच लागू आहे, गरिबालाच काटकसरीचा उपदेश करणे अन्यायाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. कॉफी हाउसमध्ये ही भूमिका पूर्णत्वाला गेलेली दिसते, कारण येथे सचिवालयातला अधिकारी, वकील, विद्यार्थी आणि रात्रभर बसने प्रवास करून आलेला मजूर एकाच उतरंडीवर, एकाच प्रकारच्या बाकावर बसतात. वातानुकूलित दालन वेगळे आणि साधे वेगळे असा भेद त्या उतरंडीत घालताच येत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या नव्या इमारतीसाठी नेमलेल्या समितीत मी काही काळ होतो, तेव्हाचा अनुभव येथे सांगतो. वास्तुविशारदाने दर्शनी बाजूला तीन मजली काचेची भिंत काढून आणली होती आणि तिचे तोंड पश्चिमेला होते. दुपारनंतर वाचकांनी तेथे कसे बसायचे, असे विचारल्यावर वातानुकूलन यंत्रे सुचवण्यात आली. विजेचे बिल कोण भरणार, असे विचारल्यावर त्याची स्वतंत्र तरतूद करू असे उत्तर मिळाले. जाळीच्या भिंतीची सूचना मी मांडली तेव्हा ती 'जुनाट दिसेल' या एका वाक्यात निकाली निघाली. इमारत झाली, काच बसली, आणि आज त्या काचेला आतून जाड पडदे लावलेले आहेत, म्हणजे भर दिवसा दिवे लावून वाचावे लागते. यात कोणा एका व्यक्तीचा दोष आहे असे मी मानत नाही. वास्तुविशारदाचे मानधन जेव्हा एकूण खर्चाच्या टक्केवारीने ठरते तेव्हा खर्च कमी करणाऱ्याचे स्वतःचे उत्पन्न घटते. सरकारी निविदेत प्रत्येक बाब आधी लिहून, मोजून, दर ठरवून द्यावी लागते, मग भिंत चढताना विचार बदलण्याला जागा उरत नाही. बेकर यांची पद्धत या दोन्ही व्यवस्थांच्या विरोधात जाते आणि त्यांना सन्मान भरपूर मिळूनही त्यांची रीत सार्वजनिक बांधकामाची रूढ रीत का झाली नाही, याचे मुख्य कारण मला हेच दिसते. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण दर्शनी काच आणि ॲल्युमिनियमचे पत्रे लावलेल्या शासकीय इमारती त्यानंतरही वाढतच गेल्या.

बेकर यांच्या कामाला मर्यादा आहेत आणि परीक्षणात त्या लिहायलाच हव्यात. थंपानूरच्या इमारतीत चाकांच्या खुर्चीने फिरणे अवघड आहे. उतरंड आहे म्हणून सोय झाली असे बाहेरून वाटते, पण तिचा चढ आणि अरुंदपणा पाहता आधाराशिवाय वर जाणे कठीण आहे. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी खालच्याच टेबलांवर बसावे. बाके पक्की असल्यामुळे आठ-दहा जणांच्या कुटुंबाला एकत्र बसता येत नाही, दोन-तीन टेबलांवर विभागावे लागते, आणि स्थूल माणसाला टेबल व बाक यांमधले अंतर कमी पडते. रॅट-ट्रॅप वीटकामासाठी विटा एकसारख्या मापाच्या आणि चांगल्या भाजलेल्या लागतात. आपल्याकडच्या अनेक भट्ट्यांतून निघणाऱ्या वेड्यावाकड्या विटांवर ते काम साधत नाही, आणि शिकवलेला गवंडी नसेल तर वाचलेल्या विटांचा पैसा मजुरीत जातो. शिवाय भाजलेल्या विटेला इंधन लागते, हा प्रश्न आजच्या काळात टाळता येणारा नाही. बेकर यांना त्याची जाणीव होती. उत्तरायुष्यात ते मातीच्या बांधकामाचा अधिकाधिक पुरस्कार करू लागले होते.

सुदैवाने त्यांच्यामागे त्यांची रीत जाणणारी माणसे राहिली. अच्युत मेनन, के. एन. राज आणि बेकर यांच्या पुढाकाराने १९८५ साली त्रिशूरला 'कॉस्टफोर्ड' ही संस्था सुरू झाली आणि तिने केरळभर घरे व सार्वजनिक इमारती तर बांधल्याच, त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेकडो गवंड्यांना शिकवले. आपल्या गावातील शाळा, वाचनालय किंवा समाजमंदिर बांधू पाहणाऱ्या विश्वस्तांनी पुस्तकी माहितीवर न थांबता या संस्थेची कामे प्रत्यक्ष पाहावीत, आणि जमल्यास स्वतःच्या गवंड्यालाही बरोबर न्यावे. बेकर १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरममध्येच वारले. नालंचिरा येथील खडकाळ टेकडीवर त्यांनी स्वतःसाठी बांधलेले 'द हॅम्लेट' हे घर त्यांच्या सर्व प्रयोगांची जणू वहीच आहे. कोठून तरी आलेली जुनी दारे, बाटल्यांचे रंगीत बुडखे बसवलेल्या भिंती आणि खडक जसा होता तसा ठेवून त्यावरून फिरणाऱ्या पायऱ्या तेथे आहेत.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी काही सूचना. कॉफी हाउस रेल्वे स्थानकासमोरच असल्याने सकाळी गाडीतून उतरल्यावर सामानासह थेट तेथे जाता येते. मात्र जेवणाच्या वेळी, म्हणजे एक ते अडीचच्या दरम्यान, गर्दी फार असते आणि त्या वेळी इमारत पाहणे शक्य होत नाही. सकाळची न्याहारी किंवा दुपारी चारनंतरची कॉफी ही योग्य वेळ. आधी बाहेरून एक फेरी मारून झरोक्यांची तिरकी रांग नीट पाहावी, म्हणजे आतली उतरंड बाहेरच्या भिंतीवर कशी उमटली आहे ते लक्षात येते. मग आत जाऊन रिकामे टेबल पहिल्या वळणावरच मिळाले तरी एकदा शेवटपर्यंत चढून यावे. वाढप्यांच्या हातांत भरलेल्या ताटल्या असतात म्हणून आतल्या बाजूने चालावे आणि छायाचित्रे काढताना जेवणाऱ्यांची परवानगी घ्यावी. विकास अध्ययन केंद्र ही चालती शिक्षणसंस्था आहे, तेव्हा तेथे जायचे तर आधी कळवून, कामाच्या दिवशी आणि वर्ग व ग्रंथालय यांना व्यत्यय न आणता जावे. दोन्ही ठिकाणे एका दिवसात सहज होतात. क्रम मात्र कॉफी हाउस आधी आणि केंद्र नंतर असा ठेवावा, कारण बसस्थानकाच्या गोंगाटात एवढ्याशा जागेवर बेकर यांनी काय साधले ते पाहून झाल्यावर उळ्ळूरच्या मोकळ्या टेकडीवर त्यांनी तीच वीट किती वेगवेगळ्या रीतींनी वापरली आहे ते अधिक नीट पाहता येते.